बोटभर झुकलेला छज्जा

आमचे मिस्त्री इमारतीकडे बघायचे ते सोयरीक जुळवायला आल्यासारखे. आधी लांबून, मग जवळून, मग मागच्या बाजूने. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. म्हातारपणी लेकीकडे राहायचे आणि दिवसभर आमच्या गेटजवळच्या बाकावर बसायचे.

मी चौथी नापास. ओवे गावातलं घर सोडून लेकाच्या फ्लॅटात आलो. एकसारख्या सहा इमारती, पाट्या इंग्रजीत. तिसऱ्याच दिवशी भलत्याच इमारतीत चढलो आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारलं, "तू कोण गं माझ्या घरात?" तिने वॉचमन बोलावला. लेकाने नाव-पत्त्याचं कार्ड आणलं. "हे गळ्यात घाला बाबा, नाहीतर खाली एकटं उतरायचं नाही." गळ्यात घंटा गुरांच्या असते. मी कार्ड भिरकावून दिलं.

हे ऐकून मिस्त्री हसले. "दादूस, पाटी कशाला व्हवी? मानसाच्या कपालाव नाव लिवलेलं असतं काय? तोंड बघ."

मी बघितलं. आमच्या इमारतीवर पाइपाखाली काळा ओघळ होता. खूण सापडली!

"तो मल हाय," मिस्त्री म्हणाले. "धुतला का गेला."

मी ऐकतोय कशाला! दिवाळीआधी सहाही इमारतींना एकच रंग लागला. ओघळ गायब. बाजारातून आलो तो भर उन्हात गेटवर उभा. वॉचमनला विचारलं असतं तर कार्ड गळ्यात पडलंच असतं. मिस्त्री काठी टेकत आले.

"कापडं बदलली का बायकूला पन वलखत नाय तू?" असं म्हणून त्यांनी खरखरीत हाताने माझी हनुवटी वर केली. "खिडक्यांवरचं छज्जं बघ. त्यांची सावली बघ."

पाच इमारतींवर सावली सरळ. सहावीवर, दुसऱ्या मजल्याला, बोटभर तिरकी. छज्जाच डावीकडे झुकलेला. तीच आमची. त्या दिवसापासून मी कधी चुकलो नाही.

यंदा मिस्त्रींच्या लेकीने गव्हाण गावात घर घेतलं. मिस्त्री निरोप घ्यायला आले तेव्हा विचारलं, "तो छज्जा तुम्हाला दिसला कसा?"

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "मीच भरलेला. काँक्रीट वतताना खालची फली सरकली, मना समजलं नाय. सगल्यांसमोर शिव्या खाल्ल्या. यवढी कामं केली, पन डोल्यासमोर योच येतो."

"मिस्त्री, सरळ छज्ज्यांनी मला एकदाही घरी पोचवलं नाही," मी म्हणालो. त्यांनी माझा हात दाबला आणि ते रिक्षात बसले.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणालं, तो वाकडा छज्जा तोडून नवा घालू. आजवर मी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभा राहिलो, आणि सगळे 'राहू दे' म्हणेपर्यंत बसलो नाही.

छज्जा आहे तसाच आहे.