इंजिनाला घरचं पानी

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हनत्यात. मी घेते. भिमाजी! पोटभर घेते, कारन या मानसानं माझ्या अंगनात पार समुद्र आनून ठेवला हुता.

आमचं गाव मुळा धरनाच्या फुगवट्याला, राहुरीच्या वरच्या अंगाला. समोरच्या काठावरच्या म्हशीबी दिसत्यात, पन सडकेनं जायचं म्हनलं तर सगळ्या धरनाला येढा. म्हनून आमची होडी, मानसं पलीकडं न्यायला. सासऱ्यांच्या येळेपासनं ती वल्ह्यानं चालायची आन् कुनाचं काय अडत नव्हतं. पन आमचे हे मधी कोकनात गेल्ते, एका बंदरावर इंजिनं दुरुस्त करनाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. आले ते बोटीचं जुनं इंजिन पिकअपमधी घालून, आन् डोस्क्यात वारं भरून. ते इंजिन होडीला लावलं. पारावर बसून भरती-ओहोटीच्या गप्पा मारायचे. आता धरनाला कसली ओहोटी? कालव्याला पानी सोडलं की तेवढीच.

मिस्त्रीनं ह्यांना एक शिकवन दिली हुती. बोटीचं इंजिन खालनं पानी ओढतं, ते पानी आतनं फिरून इंजिन गार ठेवतं आन् मागनं बारीक पिचकारी होऊन बाहेर पडतं. समुद्राचं पानी खारट, ते आत वाळलं की मीठ धरतं, नळ्या बुजत्यात, पिचकारी थांबती आन् इंजिन तापून बसतं. म्हनून रोज काम झालं की इंजिन सोडायचं, घरी न्यायचं, पिंपात घरचं पानी भरायचं आन् त्यात थोडं चालवायचं. आतलं मीठ धुऊन निघतं.

झालं! रोज सांजच्याला हे इंजिन खांद्यावर घेऊन दारात हजर. माझं पिंप रिकामं करायचं, बोअर चालू करायची, आन् अंगनात नुसता धूर. वाळत घातलेली लुगडी काळी. शेजारची चांगुनाबाई म्हनायची, "जया, तुझ्या इंजिनाला रोज आंघोळ हाय, आन् नवऱ्याला गं?" खोटं थोडंच बोलत हुती ती.

आता आमच्या बोअरचं सांगते. लई खारी. साबनाला फेस येत न्हाई, डाळ शिजता शिजत न्हाई. बंबाच्या बुडाला पांढरी खपली धरती, ती मी उलथन्यानं खरवडून काढते. सैपाकाच्या पान्याला मी हंडा घेऊन धरनावर जाते, सगळं गाव जातं. म्हंजे बघा, दिवसभर गोड्या पान्यात फिरलेलं इंजिन हे घरी आनून खाऱ्या पान्यानं धूत हुते! आन् ह्यांना वाटायचं, कोकनातल्या मिस्त्रीलाबी जमनार न्हाई अशी निगा आपन राखतोय.

आरती माझ्या थोरल्या दिरांची पोर. आई-बाप लहानपनीच गेले, आमच्याच घरात वाढली. तिचं लग्न पलीकडच्या गावात गहिनीनाथशी ठरलं. तवा ह्यांनी तिला शब्द दिला, "आरते, तुला मोटारबोटीतनं नेईन. नवऱ्याकडची मानसं काठावर उभी राहून बघतील." पोरगी हरखली. तिनं मैत्रिनींना सांगितलं, गहिनीनाथला सांगितलं. त्यांनी काठावर बँडच उभा केला.

लग्नाच्या दिवशी बाकीचं वऱ्हाड जीपनं सडकेनं गेलं. होडीत नवरी, आमी दोघं, चार बाया आन् रुखवताची भांडी. मी म्हनलं, "अहो, वल्ही घ्या." हे म्हनले, "कशाला ती अडगळ?"

मधोमध आलो आन् पिचकारी बारीक झाली. मग थेंब थेंब. मग तेबी न्हाई. जळका वास आला, वाफ आली आन् इंजिन गप्प. पलीकडं बँड वाजाय लागला हुता. ह्यांच्या तोंडचं पानी पळालं. नळी सोडली, खिळ्यानं कोरली, तशा पांढऱ्या खपल्या माझ्या नव्या पातळावर पडल्या.

"आत्ता गं बाई! ही तर माझ्या बंबातली खार!"

ह्यांनी एक खपली जिभेला लावली आन् थुंकले. धरनाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "जये, आपन त्याला रोज मीठच पाजत हुतो गं."

"आपन न्हाई, तुमी!" मला हसूबी आलं आन् शिव्याबी आल्या. दोन्ही सोडली.

हे डोकं धरून बसले. आरतीनं येकदा पलीकडं बघितलं, येकदा चुलत्याकडं. मग शालू खोचला, रुखवतातली पितळी परात उपसली आन् म्हनली, "काकू, तुमी ती दुसरी घ्या." घेतली. कुनी ताट घेतलं, कुनी पातेल्याचं झाकन, आन् हान की पानी! उन्हात पराती चमकाय लागल्या, तसं बँडवाल्यांना वाटलं ही काय तरी नवीन तऱ्हा हाय. त्यांनी आनखी जोरात वाजवलं.

पोचलो तवा मुहूर्त टळून गेल्ता. गुरुजींनी घड्याळ खिशात घातलं आन् मंगलाष्टकं सुरू केली. पन नवरदेवाचा मामा गप्प बसतोय व्हय! "मोटारबोट येनार हुती ना?" सगळ्यांदेखत म्हनला. ह्यांनी मान खाली घातली. मला लई वाईट वाटलं.

कन्यादानाला चुलता-चुलती म्हनून आमीच बसलो. ह्यांचे हात इंजिनाच्या तेलानं काळे, नखांत पांढरी खार. गुरुजी म्हनले, "पाणी सोडा." मी कलश उचलला, तसा ह्यांनी माझा हात धरला.

"गुरुजी, हे पानी कुठलं?"

"मांडवामागच्या बोअरचं. का हो?"

होडीतल्या बायांनी खारीची गोष्ट आधीच सगळ्यांना सांगितली हुती. मांडव हसला. मामा तर पोट धरून. हे उठले, कलश उपडा केला, तडक काठावर गेले आन् गुडघाभर पान्यात शिरून कलश भरून आनला. धोतर भिजलेलं, तसेच पाटावर बसले.

"आरते, मोटारबोटीचा शब्द वाया गेला. पन खाऱ्या पान्यानं तुला देनार न्हाई."

मग मामाबी हसला न्हाई. आरतीला रडं आवरंना. मी पानी सोडलं. निम्मं पानी ह्यांच्याच मांडीवर सांडलं, तसे भिमाजींनी आपले काळे हात कलशाखाली धरले.