तुळसाची खूण

ठाण्याला आगगाडी आली तेव्हा राघो लहान होता. पुढे कळव्याच्या मिठागरावर भांडण झालं, की लोक त्यालाच बोलवायचे. नुसतं तोंड बघून त्याला समोरच्याचं दुखणं कळायचं.

एका भरतीला खाडीचं पाणी अडवणारी जड फळी निसटली आणि त्याच्या कपाळावर बसली. जखम भरली. बोलणं, मीठ ओढणं सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. पण माणसांची तोंडं त्याला कळेनाशी झाली. शेजारच्या महिपतचं पोर गेलं, तर हा तिथे उभा राहून मिठाचा भाव विचारत होता.

गाव म्हणालं, माजलाय. भगताने मिरच्यांची धुरी दिली. मार डोक्याला लागलाय, एवढं एकाही शहाण्याला सुचलं नाही!

त्याच्या बायकोला, तुळसाला, ते कळलं. तिने त्याला शिकवलं: कोणी रडताना दिसलं की डोक्याचा रुमाल काढायचा, खाली बसायचं, मी खूण केली की उठायचं.

पटकीच्या साथीत तुळसा गेली. अंगणात बाया रडत होत्या. राघोने त्यांच्याकडे पाहिलं, रुमाल काढला आणि तिच्या पायाशी बसला. तिला नेली, तरी तो तिथेच. शेवटी त्याने महिपतला विचारलं, "आता उठायचं कधी? खूण तर तुळसाच करायची."