काशीला गेलेली वसुमती

वसुमती बसवनगुडीत एकटी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, शेजारी सगळे कन्नड बोलणारे. मराठी उरली होती ती फोनपुरती. रोज संध्याकाळी आनेकलला थोरल्या बहिणीला, अहल्याक्काला, फोन लावायचा आणि भाजीवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा! अक्काचे डोळे गेलेले. ती नुसती "हं" म्हणायची. पण त्या "हं"वर वसुमतीचा दिवस तरून जायचा.

दिवाळीला अक्काने तिला तेल लावलं. मानेवर बोटं दाबली तशी वसुमतीला खोकल्याची उबळ आली.

"गाठ आहे गं इथं."

"कसली गाठ? तुझं तेल खवट झालंय!"

झालं, खापर तेलावर फुटलं आणि बाटली मोरीत गेली.

गाठ वाढतच राहिली. एका डॉक्टरने टीबी समजून गोळ्या चारल्या, काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी सर्जापूर रोडच्या एका दवाखान्यात पुण्याहून आलेली डॉक्टर मैत्रेयी भेटली. तिने गाठ दाबली, वसुमती खोकली. गाठ आडवी सरकायची, वरखाली मुळीच नाही. डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. तिने स्कॅन करायला लावलं.

"कॅन्सर नाही, मावशी. पण अशी गाठ क्वचित दिसते. आवाजाकडे जाणाऱ्या नसेवरच वाढलीय. ठेवली तर पुढे घास उतरणार नाही. नस वाचवायला बघते, पण आवाज जाऊ शकतो."

वसुमतीने हात जोडले. "फोनवर ऐकू जाईल एवढा तरी ठेव गं बाई!"

अक्काला खरं सांगायची छाती होईना. "काशीला चाललेय, तिकडं फोन लागायचा नाही," असं तिने ठोकून दिलं. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने सोबत कोण आहे विचारलं, तर म्हणाली, "येतायत मागून." कोण येणार होतं, कर्म!

गाठ निघाली. नस मात्र तिच्यात पुरती गुंतलेली, ती काही वाचली नाही. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने नाव विचारलं, तर घशातून नुसती हवा आली. वसुमती भिंतीकडे तोंड करून रडली, त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

घरी आल्यावर तिने फोन लावला.

"यारु?" कोण म्हणून अक्काने कन्नडमध्ये विचारलं. वसुमती जीव तोडून फुसफुसली.

"राँग नंबर," म्हणत अक्काने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी वसुमतीने आनेकलची बस धरली. अक्काचं दार उघडंच होतं. पावलं ऐकून तिने पुन्हा तेच विचारलं, "यारु?" वसुमतीने तिचा हात धरून आपल्या मानेवर ठेवला. बोटं टाक्यांवरून चाचपडत गेली आणि थांबली.

"ही तुझी काशी होय, वसे?" अक्का म्हणाली. "आणि माझ्या तेलाला नावं ठेवलीस!" बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

आता संध्याकाळी अक्काच फोन करते. जन्मभर गप्प बसलेली बाई, थांबायचं नाव घेत नाही. वसुमती अंधारत्या घरात फोन कानाला लावून बसते. मध्येच अक्का घाबरून विचारते, "आहेस ना गं?"

वसुमती नखाने फोनवर टकटक करते.

"हं," अक्का म्हणते. "तर काय सांगत होते..."