किथेकाचं गिऱ्हाईक आणि मेहुण्याचा टी-शर्ट

केनियातल्या मविंगीच्या बाजारात किथेकाच्या स्टुडिओत फोटोला बसायचं म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवूनच बसायचं. "हनुवटी खाली. खाली म्हटलं म्हंजी गळ्यात घालायची न्हाय. डोळं उघडा, मिटायला पुढं लई वेळ हाय." एकतीस वर्षं तो ओळखपत्रांचे फोटो काढत होता आणि एकतीस वर्षं कचेऱ्या ते परत पाठवत होत्या; कधी कान दिसत नाही म्हणून, कधी फारच दिसतो म्हणून. त्याच्या मते सगळ्या मविंगीत शहाणं गिऱ्हाईक एकच, आणि ते आभाळात राहत होतं. मान हलवत नाही, मला बारीक दाखवा म्हणत नाही.

या गिऱ्हाइकाशी त्याची गाठ घालून दिली ती डॉक्टर जेप्तूंनी. नैरोबीच्या विद्यापीठातल्या या बाई सात वर्षांपूर्वी इथल्या शाळेत दुर्बीण घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, काही तारे इतके तेजस्वी असतात की मोठ्या दुर्बिणीचे डोळेच दिपतात. त्यांचं तेज मोजायला साधा डिजिटल कॅमेरा बरा, आणि तो रोज लावणारा एखादा चिकट माणूस. चिकट म्हटल्याबरोबर सगळ्या मास्तरांनी वळून फोटो काढायला आलेल्या किथेकाकडं पाहिलं.

पहिले दोन महिने नुसती भांडणं. बाई म्हणायच्या, तारा मुद्दाम धूसर काढा.

"धूसर? आजवर धूसर फोटोवरनं मला कुणी शाबास म्हटलं न्हाय, आन आता तुम्ही मागूनच घेताय?"

मग बाईंनी समजावलं. नेमका तारा कॅमेऱ्यातल्या एकाच ठिपक्यावर पडतो आणि तो ठिपका तुडुंब भरून वाहतो. सांडलेलं कसं मोजणार? धूसर केला की तोच उजेड पन्नास ठिपक्यांवर पसरतो आणि सगळा हिशेबात येतो. किथेकाला ते पटलं, पण आवडलं नाही. त्यानं लेन्सचं कडं फिरवून धूसर जागी आणलं, वर चिकटपट्टी मारली, आणि तेव्हापासून त्या लेन्सवर माशी बसायची झाली तरी त्याला विचारून.

यंदा त्या ताऱ्याला ग्रहण लागलं होतं. त्याचा एक काळपट जोडीदार दर काही वर्षांनी त्याच्या पुढून जायचा आणि तारा महिनेच्या महिने मंदावायचा. नामिबियातला एक शेतकरी, अर्जेंटिनातला एक दंतवैद्य, आणखी तिघं आणि किथेका असे सहाजण रोज तेज मोजून बाईंकडं पाठवत होते. जानेवारीत किथेकाच्या आकड्यांनी दाखवलं की ताऱ्याचं तेज पुन्हा वर येऊ लागलंय. सगळ्यांच्या अंदाजाच्या पुरते पंधरा दिवस आधी! त्यानं अख्ख्या बाजारात सांगितलं. ज्याला तारा कुठला हे ठाऊक नव्हतं त्यालाही हात धरून सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाईंचा फोन आला. त्या त्याला मानानं 'म्झे' म्हणत, म्हणजे वडीलधारे.

"म्झे किथेका, बारा जानेवारीपासूनचे तुमचे बावीस रात्रींचे आकडे मी बाजूला काढलेत."

"बाजूला म्हंजी कुठं?"

"बाहेर. बाकीच्यांचा तारा तेव्हा खालीच होता. तुमचा एका रात्रीत आठ शतांशांनी वर उडाला आणि तिथंच बसला. ग्रहण हळूहळू सुटतं, असं टुणकन नाही."

"मग त्या नामिबियावाल्याला विचारा की, सांजच्याला काय घेतो ते!"

"त्याच्याकडं त्यातल्या नऊ रात्री ढग होते. दंतवैद्याकडं पाऊस. बाकी तिघांचंही तेच. त्या नऊ रात्री जगात फक्त तुमच्याकडं आहेत, म्हणून फोन केला. नाहीतर सरळ खोडलं असतं. बारा तारखेला तुमच्याकडं काय बदललं?"

"काय बी न्हाय."

"लेन्स पुसली?"

"न्हाय."

"फडकं?"

रोज सूर्य बुडायच्या आधी लेन्सवर पांढरं फडकं ताणून कोऱ्या आभाळाचे फोटो घ्यायचे असतात. लेन्स कडेला कुठं किती अंधूक दाखवते ते त्यावरून कळतं, आणि संगणक ती कसर ताऱ्याच्या आकड्यात भरून काढतो. जुन्या फडक्यावर चहा सांडला होता. बारा तारखेलाच.

"फडकं नवं हाय. धुतल्यालं. पांढरंफेक."

"त्यावर काही छापलेलं नाही ना?"

"छापल्यालं आत दुमडलंय. वरनं कोरं."



"म्झे, तुम्ही फोटोग्राफर आहात."

"व्हय."

"उजेड आरपार जातो."

"आरं तिच्या!"

"आधीचे, जुन्या फडक्याचे फोटो तरी ठेवलेत का?"

"जागा खातेत म्हणून पुसले."

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "आणि ताऱ्यांचे मूळ फोटो?"

"ते हायेत. सगळे. लेन्स बी हलली न्हाय."

"मग लेन्स तीच, तर आजचे फडक्याचे फोटोही चालतील; संध्याकाळी कोरं फडकं शोधा. बावीसच्या बावीस रात्री पुन्हा मोजा."

किथेका तरातरा घरी गेला आणि दुमडलेला टी-शर्ट त्यानं उलगडून बायकोपुढं धरला. त्यावर त्याचा मेहुणा मुन्याओ हात जोडून हसत होता. मुन्याओ वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला होता. टी-शर्ट छापले सहाशे, मतं पडली दोनशे बारा. उरलेली दोन पोती बहिणीच्या घरी येऊन पडली होती. मुन्याओच्या डोक्याची सावली पांढऱ्या फोटोत डावीकडं पडायची. संगणकाला वाटायचं लेन्सच तिथं अंधूक आहे, म्हणून तो बिचारा तिथल्या ताऱ्याला रोज थोडं तेज पदरचं घालायचा.

"तुझ्या भावानं माझा तारा नासवला!"

"मुतिंदाचे बाबा, इलेक्शन हरला तर तुम्ही त्याला बोललात. पाऊस पडला न्हाय तवा बी त्यालाच बोललात. आता तारा बी त्याच्याच डोक्यावर?" बायको स्योकाउ चुलीवरचं मका-घेवड्याचं मुथोकोई ढवळता ढवळता म्हणाली. "दुमडून कुणी घातला लेन्सवर? त्यानं?"

किथेकानं फडकं हुडकायला घेतलं. उशीच्या खोळीवर मुन्याओ. खिडकीच्या पडद्यावर मुन्याओ. पाण्याच्या पिंपावर झाकलेलं ओढलं, तर तिथंही तो हात जोडून उभा. स्टुडिओतली पांढरी भिंत काही लेन्सवर ताणता येत नव्हती. शेवटी त्याची नजर खुंटीवरच्या, कडक इस्त्रीच्या, चर्चच्या महिला मंडळाच्या कोऱ्या पांढऱ्या रुमालावर गेली.

"हात लावायचा न्हाय," स्योकाउ मागं न बघता म्हणाली.

"अर्धा तास फक्त."

"आन त्यानं काय हुईल? तुमचा तारा लवकर उठलेला ऱ्हाईल?"

किथेकानं हात मागं घेतला. हे त्याला दुपारपासून माहीत होतं, फक्त कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. "न्हाय ऱ्हायचा. खाली बसंल. सगळ्यांच्याच वाणी."

"मग कशापायी करताय? गावभर सांगून बसलाय."

"न्हाय केलं तर बावीस रात्री वाया. केलं तर मी खोटा." तो चिडून म्हणाला. "खोटा परवडला. रात्री परत मिळत न्हाईत."

स्योकाउनं रुमाल खुंटीवरून काढला आणि हात धुवून यायला सांगितलं.

ऊन उतरल्यावर त्यानं रुमाल ताणून फोटो घेतले. मग संगणकापुढं बसून एकेक रात्र पुन्हा मोजली. बारा तारीख: आकडा खाली आला. तेरा: खाली. चौदाला त्यानं हिशेब तीनदा करून बघितला, तीनदा आकडा खालीच आला. विसाव्या रात्रीपर्यंत शिव्या संपल्या. बावीसही आकडे इतरांच्या रांगेत निमूट जाऊन बसले आणि लवकर उठलेला तारा कुठंच उरला नाही. त्यानं ते पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"घेतले. बावीसही. त्या नऊ रात्री तारा तळालाच होता, हे आता नक्की झालं."

"म्हंजी काय बी घडलं न्हाय."

"काहीही घडलं नाही. आणि त्याचे तुम्ही एकटे साक्षीदार. एक सांगते, फडक्याचे फोटो नंतरचे आहेत, म्हणून तुमच्या आकड्यांत चुकीला वाव इतरांच्या दुप्पट धरला आहे."

"दुप्पट? त्या दंतवैद्याच्या दुप्पट?"

"हो."

"दीडपट लिवा."

"म्झे, हा बाजार नाही."

"बरं, पावणेदोन. रुमाल चर्चचा होता, डॉक्टर!"

"दुप्पट," बाई म्हणाल्या. "आणि कालचे आकडे अजून आले नाहीत."