वाचले असे समजावे

"आप बस लिखिए. सोचने का काम ऊपर होता है."

निरीक्षक असं म्हणाला आणि त्याने चहाचा रिकामा कप माझ्या वहीवर ठेवला. टेबलावर जागा होती. तरी वहीवर ठेवला. पानावर गोल डाग पडला. मी कप उचलून बाजूला केला आणि पेनचं टोपण काढलं.

निरीक्षक म्हणजे आमच्या पक्षाच्या राष्ट्रीय कार्यालयाने पाठवलेला माणूस. पालेगावच्या समाजमंदिरात रविवारी अकराची सभा होती. तो तीनला आला. उशीर का झाला ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्याने पंख्याखालची खुर्ची मागितली, त्या खुर्चीवर काका बसले होते, काका उठले.

काका आमच्या शाखेचे अध्यक्ष. बहात्तर वर्षांचे. अंबरनाथला कारखान्यात आयुष्य काढलं, निवृत्तीनंतर सगळा वेळ पक्षाला. मी सचिव. सचिव म्हणजे नाव मोठं, काम वहीचं. सभेला कोण आलं, काय ठरलं, ते लिहायचं. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी शिवून आलेल्या पँटचे धागे कापते. दहावी झाली आहे आणि अक्षर बरं आहे, म्हणून वही माझ्याकडे आली. पक्ष लहान. निकालाच्या दिवशी टीव्हीवर 'इतर' म्हणून जो रकाना दाखवतात, त्यात आम्ही.

आमच्याकडे एक पद्धत होती. मीच पाडलेली. कुणाची दुसरी पाळी असते, कुणाच्या घरी पाणी यायची वेळ झालेली असते. सभा संपेपर्यंत माणसं थांबत नाहीत. म्हणून दारातच सही घ्यायची, पानाच्या खालच्या अर्ध्या भागात. वरचा अर्धा कोरा सोडायचा. काय ठरलं ते मी नंतर घरी बसून लिहायची. कधी कुणी विचारलं नाही, काय लिहिलंस. "ताईने लिहिलंय ना, मग झालं." याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, फार होता.

त्या दिवशीही सकाळी बावीस सह्या झाल्या होत्या. तीन वाजेपर्यंत सहा माणसं उरली.

विषय एकच होता. नगरपालिकेची निवडणूक आली होती आणि शाखेने आधीच ठरवलं होतं, आपल्या प्रभागात काका उभे राहणार. मागणीही एकच. स्मशानाची वाट.

ही वाट माझ्या घरातून जाते असं म्हटलं तरी चालेल. आई गेली तेव्हाची गोष्ट. पालेगावातून ओढ्याकाठच्या स्मशानाकडे जुनी वाट होती, तिथे आता टॉवर आहेत आणि वाटेवर गेट. मला भाऊ नाही, आईला खांदा मीच दिला होता. गेटवर वॉचमनने हात आडवा केला. "इधर से नहीं. सोसायटी का ऑर्डर है. बच्चे खेलते हैं." मागून जायला सांगितलं. मागे नाला होता, त्यात डेब्रिज टाकलेलं. आईला खांद्यावर घेऊन आम्ही त्या दगडाविटांवरून गेलो. एकदा माझा पाय घसरला आणि तिरडी तिरकी झाली. आईचं डोकं हललं. मला तेव्हा रडू आलं नाही. आजही येत नाही. फक्त डेब्रिज दिसलं की खांदा जड होतो.

काकांनी दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज लिहून घेतला, माझ्याकडूनच. मग चार वर्षं अर्जच अर्ज. नगरपालिका म्हणते बघतो. टॉवरचा बिल्डर म्हणतो जागा खाजगी.

आणि आता निरीक्षक सांगत होता की वर मोठ्या पक्षाशी आघाडी झाली आहे. आमचा प्रभाग त्यांना गेला. त्यांचा उमेदवार ठरला आहे. उमेदवार कोण, तर तोच बिल्डर.

एवढं ऐकून मी म्हणाले, "साहेब, पण या माणसाने तर..."

तेव्हा त्याने ते वाक्य टाकलं. आप बस लिखिए.

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या घरात पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षांचा फोटो आहे, रोज पुसतात. काका जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "लिही पोरी. वरून आलंय."

निरीक्षक हिंदीत सांगत गेला, मी मराठीत लिहीत गेले. 'शाखा आपली उमेदवारी मागे घेत असून आघाडीच्या उमेदवारास बिनशर्त पाठिंबा देत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली बावीस सह्या तयारच होत्या. अक्षर नेहमीसारखं आलं. एका माणसाची उमेदवारी त्याच्यासमोर काढून घेतली आणि शुद्धलेखन तपासलं. निरीक्षकाने पानाचा फोटो काढला. "राइटिंग अच्छी है आपकी," म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या फोनवर होता.

सोमवारी नळावर शेजारच्या मंगलने मला थांबवलं. आईच्या तिरडीचा मागचा खांदा तिच्या नवऱ्याने दिला होता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, माझी सही हाय त्याच्यावर. मी कधी म्हनले त्याला पाठिंबा द्या?"

"तू म्हणाली नव्हतीस."

"मग?"

तिने हंडा उचलला आणि गेली. मी कारखान्यात गेले, दिवसभर धागे कापले. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. निरीक्षकाचा राग येत नव्हता. बिल्डरचाही नाही. डोक्यात एकच चालू होतं, की ते पान मी लिहिलं. कोरं पान ठेवायची सवय मीच लावली. त्यांना फक्त येऊन भरायचं होतं.

पुढच्या रविवारी निरीक्षक पुन्हा आला, या वेळी वेळेवर. सोबत बिल्डर. शाखेतर्फे त्याचा सत्कार ठेवायचा हुकूम होता. शाल, श्रीफळ, हार. हॉल भरला होता, कारण मी आठवडाभर घरोघरी जाऊन एकच सांगितलं होतं. या, थांबा, आणि दारात सही करू नका.

सभेचा पहिला विषय ठरलेला असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वही घेऊन उभी राहिले.

निरीक्षक हसला. "अरे, वो पढ़ा हुआ मान लीजिए. सत्कार शुरू करो."

आमच्यातही हे चालायचं. 'वाचले असे समजावे' म्हणायचं आणि पुढे जायचं. मीच कितीदा म्हटलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "वाचणार."

आणि वाचलं. तारखेपासून. मग बावीस नावं, एकेक करून. मग मंगलकडे पाहून विचारलं, "ज्यांनी हा ठराव केला, त्यांनी हात वर करा."

कुणाचाच हात वर गेला नाही. मी काकांच्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर होता. बोटं हलत होती. शेवटी काकांनी तो हात उचलला, मला वाटलं संपलं. पण त्यांनी समोरचा हार उचलला आणि पिशवीत परत टाकला.

"कायम नाही," काका म्हणाले. "लिही पोरी."

मी उभ्याउभ्याच लिहिलं. 'मागील सभेचे इतिवृत्त सभेस अमान्य.' बिल्डर फोन कानाला लावून बाहेर गेला. निरीक्षकाने हात पुढे केला. "रजिस्टर इधर दीजिए. पार्टी की प्रॉपर्टी है."

"शाखेची आहे," मी म्हणाले आणि वही पोटाशी धरली.

तीन दिवसांनी शाखा बरखास्त झाल्याचं पत्र आलं. फोनवरच आलं, इंग्रजीत. काकांना मी ते वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यांनी अध्यक्षांचा फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि कपाटात ठेवला. काका अपक्ष उभे राहिले. पडले. बिल्डर निवडून आला. गेट आहे तिथेच आहे, आता त्याला नवा रंग आहे.

निकालानंतर आम्ही बसलो. पाटी उतरवलेली, शाखा कागदावर नाही. तरी माणसं आली. मी वही उघडली. चहाचा डाग पडलेलं ते पान आधी वाचलं. ते मी फाडलेलं नाही, फाडणार नाही. प्रत्येक सभेत वाचते.

मग काका म्हणाले, "आता पुढचा नंबर बहुतेक माझाच. मला मागून नेऊ नको."

मी विचारलं, "ठराव म्हणून लिहू?"

"लिही."

मी सगळ्यांसमोर लिहिलं. पालेगावातलं कोणतंही मयत यापुढे नाल्यातून जाणार नाही. गेटमधूनच जाईल. गेट बंद असेल तर गेटसमोर ठेवलं जाईल, उघडेपर्यंत. पुढचा खांदा सचिवाचा.

दोनदा वाचून दाखवलं. काकांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा स्वतः वाचलं. मग सह्या घेतल्या. माझी सगळ्यात शेवटी.