हसऱ्याची सुनावणी

आमच्या धाकट्या भावाला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनच. मास्तरांनी छडी उचलली की हा दात काढणार आणि एकाच्या चार खाणार. वडील गेले तेव्हा तर काकांनी भर लोकांत त्याच्या कानाखाली आवाज काढला. डेपोत त्याला सगळे 'हसऱ्या'च म्हणतात. बस चालवतो. म्हणजे चालवायचा, अपघात झाला आणि त्याला घरी बसवलं.

चालत्या बसचं दार उघडलं आणि एक आजी खाली पडल्या. पाय मोडला. दार नीट लागत नाही, हे त्याने आदल्याच दिवशी सांगितलं होतं, मेकॅनिकनेही ते कबूल केलं. पण तपासनीसाने लिहिलं, चालक जखमी बाईजवळ बसून हसत होता. झालं! अशा माणसाला कोण कामावर ठेवेल?

सुनावणीला मी सोबत गेले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायाधीशबाई ऐकून घेणार, अहवाल लिहिणार, आणि तो वाचून वरचे साहेब ठरवणार, नोकरी ठेवायची की घालवायची. साहेब याचं तोंडसुद्धा बघणार नव्हते. दारातच मी बजावलं, "काही झालं तरी हसू नकोस रे बाबा."

तपासनीस वाचायला लागला. हाड कुठे मोडलं, रक्त किती गेलं. आणि हा हसला! चांगला बत्तीशी दाखवून. न्यायाधीशबाईंचं पेन चालायला लागलं. मी उठलेच.

"अहो, घाबरलाय तो! बाप गेला तेव्हाही असाच हसत होता!"

"खाली बसा. तुमची साक्ष नाही." मग त्याला म्हणाल्या, "आत्ता का हसलात?"

हा आणखीच हसायला लागला. बोंबला, म्हटलं, गेली नोकरी.

न्यायाधीशबाई साक्षीला आलेल्या आजींकडे वळल्या. "हा हसत होता, तेव्हा करत काय होता?"

"माझा पाय मांडीवर धरून बसला होता," आजी म्हणाल्या. "हसत होता खरा मेला, पण हात असे थरथरत होते की मलाच त्याची दया आली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही मला."

न्यायाधीशबाईंनी वाकून त्याच्या हातांकडे पाहिलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. काय लिहिलं, देव जाणे.

महिनाभर घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. मग अहवाल आणि साहेबांचा निर्णय एकाच पाकिटात आले. तो ओट्याशी उभा राहून वाचत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हसला की संपलं.

एक पान झालं. दुसरं झालं. ओठ हलेनात.

"अरे, काय ते सांग ना मेल्या!"

त्याने बोट ठेवून वाचलं, "'चालक माझ्यासमोरही हसले. मी त्यांचे हात पाहिले. हे हसू भीतीचं आहे. त्यांना कामावर घ्यावं.'" खाली साहेबांची सही होती, मान्य म्हणून.

आणि तो खाली बसून ढसाढसा रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. वडिलांसाठी रडायचं राहिलेलं, तेही त्याने त्याच दिवशी रडून घेतलं.