चेरोकी नातीची मूठ

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. शाळेत विज्ञान शिकवते, आणि या सदरातले बरेच अनुभव स्टाफरूममध्ये वाचून पोट धरून हसलेय. आज माझी पाळी आहे... हसा खुशाल.

आम्ही जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे. घराच्या पुढच्या भागात आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान, मागे आम्ही राहायचो. लिंगायत घर. एकुलती एक मुलगी शिल्पा नोकरीसाठी अमेरिकेत ओक्लाहोमाला गेली आणि तिथेच तिने डॅनियलशी लग्न केलं. डॅनियल चेरोकी — म्हणजे गोरे यायच्या आधीपासून त्या देशात राहणाऱ्या लोकांपैकी. तिच्या अण्णांनी, म्हणजे ह्यांनी, लेकीशी बोलणं टाकलं. पुढे नात झाली, मीरा. तिचं तोंडही ह्यांनी फोनवर पाहिलं नाही.

विहीणबाई दर आठवड्याला तिथल्या मुलांना ऑनलाइन चेरोकी भाषा आणि चालीरीती शिकवतात. नात दिसेल म्हणून मीही रविवारी सकाळी मोबाईल घेऊन त्या क्लासला बसायला लागले, आणि रमले की! त्यांची सात कुळं आहेत, एका कुळात लग्न चालत नाही. आईच्या आईला ‘एलिसी’ म्हणतात, म्हणून मीरा मला एलिसी म्हणते. त्यांना त्यांच्या मुलखातून हाकललं तेव्हा वाटेत माणसं मरत होती, तरी गावचा विस्तव जपत नेला म्हणे.

पण त्यांच्यात कूळ येतं आईकडून. शिल्पा पडली बाहेरची, म्हणून मीराला बापाकडून चेरोकी नागरिकत्व मिळालं, पण कूळ नाही. विहीणबाईंना फार वाईट वाटायचं. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे तरी विचारून बघा.”

मी ह्यांना विचारलं, मठातल्या महाराजांना सांगून, गळ्यात लिंग बांधून नातीला आपल्यात घ्यायचं का?

“आपल्यात बापाकडून येतंय,” हे कापड घडी करत म्हणाले. “तिचा बाप आपला हाय का? जा, त्यांनाच विचार.”

झालं! तिकडचे म्हणतात आईकडे जा, इकडचे म्हणतात बापाकडे जा. लेकरू मधल्या मध्ये लटकलेलं. मी त्या दिवशी भाकरी थापताना रडले, आणि ह्यांना दिसेल अशी रडले. काही उपयोग झाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी हे दुकानात बसल्या जागी गेले. दुपारी रानात समाधी दिली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. धाकटे दीर म्हणाले, “वैनी, शिल्पाला आत्ताच कळवू नका. येणं तर होत न्हाई, उगं रडत बसंल.” मी ऐकलं. बापाच्या मातीला लेकीचा आवाजसुद्धा नव्हता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ. मी काही बोलायच्या आत शिल्पाच म्हणाली, “आई, मीराला बघ ना काय झालंय! पहाटे दचकून उठली, तेव्हापासून डावी मूठ उघडायलाच तयार नाही. आजोबांनी धरायला दिलंय म्हणते.”

“कोणत्या आजोबांनी?”

“एलिसीच्या घरच्या, म्हणते. आई... अण्णा बोलले का हिच्याशी कधी?”

मी कसंबसं म्हटलं, “मीरा, एलिसीला दाखव बाळा.” तिने हळूच बोटं सोडली. आत काहीच नव्हतं. फक्त तळहाताच्या मधोमध गोल, लाल वळ होता... काहीतरी दाबून धरल्यासारखा. बटण असेल, खेळणं असेल — शिल्पाने सगळं अंथरूण झाडलं. काही सापडलं नाही. मग मी तिला अण्णा गेल्याचं सांगितलं.

दिरांना हे सांगताना वाटलं, आता तरी विरघळतील. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. “दादा लय मोठे होते, वैनी. शांती करून घेऊ.”

“आणि लिंग? ते बांधाल ना मीराला?”

“ते कसं जमंल? बाप आपला न्हाई ना.”

तो वळ कशाचा, मला आजही सांगता येत नाही. नातेवाईक म्हणतात, बघा, आजोबाचा किती जीव होता! मला मात्र संतापच येतो. खरंच हेच तिच्याकडे गेले असतील, तर मला ह्यांना एवढंच विचारायचंय — मेल्यावर सातासमुद्रापार जाता आलं तुम्हाला. जिवंतपणी रविवारी सकाळी माझ्या शेजारी येऊन बसता आलं नाही?